डाव्या बाजूची ताटली

“ती फक्त पिझ्झा खाते, बाबा. छोटे छोटे. तुम्ही काही करत बसू नका, मी डब्यात बिस्किटं दिली आहेत,” असं गीतांजली फोनवर म्हणाली, आणि श्रीरंगच्या तोंडून निघून गेलं, “बिस्किटं काहून? मी करतो न पिझ्झा.” फोन ठेवल्यावर त्याच्या ध्यानात आलं की पिझ्झा आपण आयुष्यात दोनदाच खाल्ला आहे, दोन्ही वेळा लोकांच्या वाढदिवसाला, आणि दोन्ही वेळा घरी आल्यावर वरण-भात जेवलो आहोत. अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. सव्वातीनला शाळेचा ऑटो अवंतीला फाटकाशी उतरवणार होता आणि सहाला गीतांजली लॅबमधून सुटून तिला न्यायला येणार होती. मधले पावणेतीन तास सहा वर्षांची नात आणि पासष्ट वर्षांचा आजोबा एका घरात, दोघंच. असं याआधी कधी झालेलं नव्हतं. अवंती या घरात दोनदा आली होती आणि दोन्ही वेळा आईच्या मांडीवर, बूट न काढता बसून गेली होती. आता गीतांजलीला नोकरी लागली होती, सासूच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं होतं, नवऱ्याला, विक्कीला, सराफ्यातलं दुकान सोडून उठता येत नव्हतं, आणि शाळा तेवढी इथे अधारतालमध्ये, श्रीरंगच्या घरापासून ऑटोने पाच मिनिटांवर होती. “आज एक दिवस पाहते,” गीतांजली म्हणाली होती. “जमलं तर मग रोज तुमच्याकडे. नाही तर मी एक झूलाघर पाहून ठेवलं आहे, दिवसभर लेकरं सांभाळतात तिथे.” त्यातला ‘पाहते’ हा शब्द श्रीरंगला रुतून बसला. छत्तीस वर्षं फॅक्टरीत तो एक्झामिनर होता. पाहण्याचं काम त्याचं होतं. लोक घाम गाळून पुर्जे करून आणत, हा जाडी मोजायचा कॅलिपर लावी, जो मापात बसेल तो उजवीकडे, जो बसणार नाही तो डावीकडे, त्याच्यावर लाल ठिपका, विषय संपला. आपल्याला कोणी पाहील, आपल्यालाही कोणी डावीकडे ठेवील, ही गोष्ट या माणसाच्या डोक्यात कधी आलीच नव्हती. आज आली.

कोपऱ्यावरच्या दुकानात पिझ्झाचे तयार बेस मिळतात, एवढं त्याला माहीत होतं. “भैया, पिज्जा का बेस?” त्याने विचारलं. “कल आएगा अंकल,” दुकानदार फोनमधून मान वर न करता म्हणाला. उद्या! उद्याचा दिवस आहे की नाही तेच आज ठरायचं होतं, पण हे दुकानदाराला सांगून काय उपयोग? श्रीरंगने चीजचे क्यूब, सॉसची बाटली, शिमला मिरची आणि ब्रेड घेतला आणि तरातरा घरी आला. येताना फाटकाची कडी दोनदा लावली, दोनदा काढली. छोट्या हाताला ती लागते का नाही ते पाहिलं. घट्ट वाटली म्हणून तेल घातलं. मग तेलाचा हात तिच्या युनिफॉर्मला लागेल म्हणून पुसून काढली. घरात येऊन ब्रेडच्या स्लाइस वाटीने गोल कापल्या, सॉस लावला, वर कांदा, मिरची, चीज, तव्यावर झाकण. झाकण काढलं तर खालून काळं, वरून लगदा. हातात घेतला तर मधोमध वाकून सगळा माल बोटांवर. डावीकडे. मग चहाचे टोस्ट आठवले. ते कडक असतात, वाकायचे नाहीत. वाकले नाहीतच, पण सॉस लावता लावता कडकन तुटले. तेही डावीकडे. ओट्याच्या डाव्या बाजूला स्टीलची एक मोठी ताटली होती आणि तिच्यात काय जमून राहिलं आहे इकडे त्याचं लक्षही नव्हतं. हात आपोआप तिकडे जात होता. पाऊण वाजला होता, भूक लागली होती, आणि समोर एवढं खायचं पडलेलं असून त्याला त्यातलं उचलून खावंसं वाटलं नाही, कारण नापास झालेली वस्तू वापरायची नसते.

तो खुर्ची ओढून स्वयंपाकघरातच बसला, आणि बसल्या बसल्या त्याला पानगे आठवले. बेबी करायची. बेबी म्हणजे त्याची बायको; जगात सगळ्यांची बेबीताई, आणि जाऊन चार वर्षं झाली. तिचं माहेर अकोल्याकडचं. थंडीत भेडाघाटच्या बाजूला फॅक्टरीतली मराठी मंडळी जेवण करायला जात, तेव्हा बाकीच्या बाया पुऱ्या तळून आणत आणि बेबी तिथेच नदीकाठी दगड मांडून, जाडसर कणकेच्या चपट्या चकत्या पळसाच्या दोन पानांमध्ये दाबून निखाऱ्यांवर टाकायची. पानं जळून जात आणि आतला पानगा खरपूस, पानांच्या शिरा अंगावर उमटलेला, बाहेर येई. तो चुरून वर वरण आणि तुपाची धार. ‘मोजून नका पाहू हो, खाऊन पाहा,’ ती म्हणायची, कारण श्रीरंग प्रत्येक पानगा उचलून त्याची कड पाहायचा. जाडी पाव इंचाच्या वर गेली की आत कच्चा राहतो, असं त्याचं म्हणणं होतं आणि ते बरोबरही होतं. पण बरोबर असून उपयोग काय, सगळे हसत, गीतांजलीही हसे. सात-आठ वर्षांची असेल तेव्हा. पोळी लाटायची तिला भारी हौस. ओट्यापाशी पाट घेऊन उभी राहायची आणि भारताच्या नकाशासारखी पोळी करून ओरडायची, ‘बाबा, पाहा!’ आणि बाबा खरोखर पाहायचा. खोलीतून कॅलिपर आणून, एक डोळा मिटून, ‘ही कड दोन मिलीमीटर, ही पाच. नाही बसत,’ म्हणून पोळी बाजूला ठेवून द्यायचा. गंमतच होती ती. बेबी हसायची, पोरगी हसायची. मग एक दिवस पोरगी पाटावर चढेनाशी झाली आणि कधीपासून, ते कोणाच्या लक्षात राहिलं नाही. आज, ओट्यासमोर बसून, श्रीरंगला पहिल्यांदा शंका आली की ती हसत होती ते आपल्याला वाईट वाटू नये म्हणून तर नव्हे? सात वर्षांचं लेकरू असं करू शकतं का? त्याला एकदम उकडलं. तो उठला, पंखा लावला, गॅस फडफडेल म्हणून पंखा बंद केला, आणि परात काढली.

दोन वाट्या जाडसर कणीक, मूठभर रवा, दही, मीठ, चिमूटभर सोडा, तेल. पळसाची पानं या शहरात कोण आणून देणार? नॉनस्टिक तव्यावर भागवायचं. कणीक ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवली आणि त्या अर्ध्या तासात त्याने दिवाणखाना झाडला, तिच्यासाठी रंगपेटी काढून ठेवली, बेबीचा फोटो पुसला, मग फोटो पाहून लेकरू घाबरेल का म्हणून थोडा सरकवला, मग लाज वाटून पुन्हा जागच्या जागी आणला. डबीच्या झाकणाने चकत्या पाडल्या. काट्याने टोचल्या. एक बाजू अर्धी भाजायची, उलटायची, भाजलेल्या बाजूवर सॉस आणि चीज, झाकण, मंद आच. पहिलाच असा जमून आला की श्रीरंग एकटाच ‘अरे वा!’ म्हणाला. चाखून पाहिला. पानग्याचीच खरपूस चव, वर चीजचा थर, खोटं काहून बोलावं, चांगला लागला. पण दुसरी चकती तव्यावर टाकली आणि त्याच्या डोळ्याला काहीतरी खुपलं. पहिलीपेक्षा लहान. एकाच झाकणाने पाडलेली चकती लहान कशी? कपाटातून कॅलिपर आणला. ब्याऐंशी. एकोणऐंशी. शहात्तर! कणीक आखडत होती. कापली की हळूच अंग चोरून घेत होती. आता यापुढे आधी लाटायचं, थोडं थांबायचं, मग कापायचं. लहान निघाल्या त्या डावीकडे. अडीच वाजता उजवीकडे सहा चकत्या होत्या, एका मापाच्या, आणि डावीकडची ताटली भरली होती.

असाच एक दिवस नऊ वर्षांपूर्वीचा होता आणि त्याच्याकडे त्याला जायचं नव्हतं, पण मोकळा हात आणि रिकामं घर असलं की मन आपल्याला विचारून थोडंच कुठे जातं? गीतांजली विक्कीला घेऊन घरी आली होती. विक्की सोनी, सराफ्यात बापाचं पैंजणांचं दुकान, मराठीचं अक्षर नाही, पण खाली मान घालून बसला होता आणि आणलेली मिठाई मांडीवरच धरून होता, कुठे ठेवू हे न कळून. श्रीरंगने त्याच्याकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, आणि दोनच शब्द बोलला, ‘नाही बसत.’ फॅक्टरीतल्यासारखाच, न चिडता. चिडला असता तर भांडता आलं असतं तिला. लग्नाच्या दिवशी तो ड्युटीवर गेला. बेबी एकटी गेली, नवी हिरवी साडी नेसून. त्या दिवशी श्रीरंगने एकामागून एक चाळीस पुर्जे डावीकडे ठेवले, लाल ठिपका, लाल ठिपका. संध्याकाळी फोरमनने पुन्हा मोजले तर चाळीसच्या चाळीस बरोबर निघाले. ‘माहुरकर, तबीयत ठीक है?’ एवढंच फोरमनने विचारलं. छत्तीस वर्षांत तेवढा एकच दिवस त्याची नजर चुकली होती, आणि ही गोष्ट त्याने बेबीलासुद्धा सांगितली नव्हती. ती लग्नातले लाडू घेऊन आली होती. त्याने ते खाल्ले नाहीत, तिने टाकले नाहीत, बुरशी येईपर्यंत डबा फळीवर राहिला.

सव्वातीनऐवजी तीन पंचवीसला ऑटो आला, आणि त्या दहा मिनिटांत श्रीरंग फाटकापर्यंत सात वेळा जाऊन आला. अवंती उतरली. दप्तर तिच्यापेक्षा मोठं, एक वेणी सुटलेली, समोरचा एक दात नाही. “नमस्ते नानू,” ती शिकवून ठेवल्यासारखं म्हणाली आणि घरात येऊन बूट काढले. बूट काढले! श्रीरंगचा जीव निम्मा तरी भांड्यात पडला. तिला मराठी सगळं कळत होतं, पण बोलताना ती हिंदीच बोलायची. हा मराठीत बोलायचा, ती हिंदीत उत्तर द्यायची, आणि पाच मिनिटांत दोघांनाही त्याचं काही वाटेनासं झालं. “इतने छोटू पिज्जा!” ती ओट्यावर पाहून म्हणाली. “बाजार से लाए?” “बाजारातून काहून? मी केले.” “आपको आता है?” “आता येते,” श्रीरंग म्हणाला, आणि आपण चक्क फुशारकी मारून राहिलो आहोत हे त्याला कळलं आणि आवडलं. तिला पाट दिला. ती ओट्यापाशी उभी राहिली. तिने चीज किसलं, निम्मं खाल्लं. मिरचीचे तुकडे वेचून बाजूला केले. एका पिझ्झ्यावर सॉसने डोळे काढले. मग परातीत उरलेली कणीक तिला दिसली. “मैं भी बनाऊँ?” “बनाओ न,” तो म्हणाला आणि गॅसकडे वळला. मागे थापट्या ऐकू येत होत्या. इतक्या दिवसांनी या स्वयंपाकघरात दुसरं कोणी काही करत होतं. श्रीरंगला फार बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की तो गाफील झाला.

“नानू, देखो!” तिने केलेली चकती गोल नव्हतीच. एक बाजू बोटभर जाड, दुसरी कागदासारखी, पाच बोटांचे पाच खड्डे, एका टोकाला ओढून काढलेला कान. श्रीरंगने ती उलथन्यावर घेतली, कड डोळ्यासमोर धरली, एक डोळा मिटला. “नाही बसत,” तो म्हणाला. “बीच में कच्चा रहेगा.” आणि हात डावीकडे गेला. चकती त्या ताटलीत, टोस्टच्या चुऱ्यावर जाऊन पडली, आणि तो तव्यावरचं झाकण उचलायला वळलासुद्धा. मागे काहीच आवाज नाही म्हणून त्याने मान फिरवली. अवंती हसत होती. ओठ ताणून, दात न दाखवता, डोळे त्याच्याकडे लावून हसत होती. मग ती पाटावरून उतरली, मोरीत हात धुतले, बाहेर जाऊन बूट घातले, दप्तर पाठीला लावलं आणि व्हरांड्याच्या पायरीवर जाऊन बसली. “मम्मी को बुला लो,” ती आतल्या आत म्हणावं तसं म्हणाली. चार वाजायला दहा मिनिटं होती.

तो गॅस बंद करायला विसरला. मग आठवला, बंद केला. आता काय करावं? गीतांजलीला फोन केला तर नोकरीच्या तिसऱ्या दिवशी तिला उठून यावं लागेल, आणि उद्यापासून झूलाघर. न करावा, तर हे लेकरू दोन तास पाठीला दप्तर लावून पायरीवर. त्याने उजवीकडचा सगळ्यात चांगला पिझ्झा बशीत घातला, तिच्यापुढे नेला. “भूख नहीं है.” कार्टून लावू का? मान हलली. रंगपेटी? मान हलली. श्रीरंग गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत, तिच्या शेजारी पायरीवर बसला. रस्त्यावरून स्कूटर गेल्या, समोरच्या घरातल्या बाईने पाहून घेतलं. ते हसणं! ते त्याने पाहिलेलं होतं. वर्षानुवर्षं, या घरी नाही, फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये, ओट्यापाशी, पोळीच्या पिठाने भरलेल्या तोंडावर पाहिलेलं होतं, आणि त्याला तो गंमत म्हणत आला होता. “अवंती,” तो म्हणाला, “मेरी गलती हो गई.” ती बुटाच्या पट्ट्याशी खेळत राहिली. “आपने फेंक दिया,” ती म्हणाली. “हो. फेकायला नको होतं. मला सवय आहे ती. वाईट सवय आहे.” तिने थोडा विचार केला. “तो मेरा वाला पकाओ.”

तिचा पिझ्झा त्याने ताटलीतून उचलला, टोस्टचा चुरा झटकला, भाजला. व्हायचं तेच झालं; कान करपला, मधे कच्चा. श्रीरंगने तो तसाच बशीत घालून तिच्यापुढे ठेवला. अवंतीने भोवतालचा खरपूस भाग कुरतडून खाल्ला आणि मधला गोळा त्याच्यापुढे धरला. “बीच वाला आप खाओ.” त्याने खाल्ला. कच्च्या कणकेचा चिकट घास टाळूला जाऊन बसला आणि ती खदखदून हसली, तुटलेल्या दातासकट. मग तिने उजवीकडचे चार खाल्ले, डावीकडचे टोस्टचे तुकडे सॉसमध्ये बुडवून खाल्ले, बेबीच्या फोटोला ‘ये नानी है ना’ म्हणून ओळखलं, आणि पाच वाजता रंगवता रंगवता, मान खाली घालूनच म्हणाली, “मम्मी को भी बोलना.” “काय?” “कि गलती की.”

झालं. श्रीरंग खुर्चीवरून उठला, बसला, पाणी प्यायला. गीतांजलीला हे सांगायचं? तिला तर पुढचं सगळं न सांगता कळेल. पोरीची चकती, मिटलेला डोळा, डावी बाजू. तिच्या लेकीवरही तेच. मग कोणती आई ठेवील रोज? “हे आपल्या दोघांतच ठेवायचं का?” त्याने आवाज शक्य तितका गोड करून विचारलं. “मी उद्या चॉकलेट आणीन.” अवंतीने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. “झूठ बोलें?” तिने विचारलं. नुसतं विचारलं; रागावली नाही. श्रीरंगला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “नाही नाही. सांगतो न मी. सांगतो,” तो म्हणाला आणि एक तासभर मनातल्या मनात वाक्यं जुळवत घरभर फिरत राहिला. ‘गीता, आज जरा गडबड झाली.’ नको. ‘तशी काही विशेष गोष्ट नाही, पण.’ नको. ‘तुला आठवतं का, तू लहान असताना.’ छे! प्रत्येक वाक्य उचलायचं, पाहायचं आणि बाजूला ठेवायचं. एकही बसत नव्हतं.

सहा वाजून पाच मिनिटांनी फाटक वाजलं. गीतांजली दारात आली, गळ्यात लॅबचं ओळखपत्र, चेहरा उन्हाने उतरलेला. तिने आधी लेकीचे बूट काढलेले पाय पाहिले, मग हातातला खडू, मग स्वयंपाकघराच्या उघड्या दारातून ओटा. तिची नजर डावीकडच्या ताटलीपाशी जाऊन थांबली. तिथेच थांबली. “रोई क्या?” तिने अवंतीला विचारलं. “नहीं,” अवंती म्हणाली. “नानू, बोलो.” श्रीरंग उभा राहिला. जुळवलेलं एकही वाक्य जवळ नव्हतं. मुलगी नऊ वर्षांत किती वाळली आहे, कानशिलापाशी एक पांढरा केस आला आहे, आपण हे कधी पाहिलंच नाही, एवढंच त्याला दिसत होतं. “गीता,” तो म्हणाला, “तुझ्या लग्नाला मी आलो नाही. ड्युटीवर जाऊन बसलो. विक्कीरावात काही खोट नव्हती, तुझ्यात नव्हती. माझी नजर चुकली. माझं चुकलं, बेटा.”

“वो नहीं!” अवंतीने पाय आपटला. “पिज्जा वाला! पिज्जा वाला बोलो!”

गीतांजली एकदा बापाकडे, एकदा लेकीकडे पाहत राहिली. तिने चपला काढल्या, आत येऊन स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसली आणि पर्स मांडीवर घेऊन तिचा बंद उगाचच सरळ करत बसली.

“पिझ्झ्याचं आज सांगा, बाबा,” मग ती म्हणाली. “ते दुसरं उद्या सांगा.”